‘नको’ गळून पडलं तर

आता लातुरात क्लासेसच्या गल्लीत मी फिजिक्स शिकवते. भूकंप झाला तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करत होते. कॉलेजात हौशी वायरलेस, म्हणजे हॅम रेडिओ होता. तो चालवायचा परवाना आमच्या सरांकडे, माझ्याकडे आणि माझ्या एका मैत्रिणीकडे होता. पडलेल्या गावांचे फोन बंद होते, म्हणून सर एक सेट जीपमध्ये घालून निघाले. मीही येते म्हणाले. अब्बांचं नांदेडात घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, “जा बेटा. संभाल के.” मैत्रीण कॉलेजातल्या सेटवर बसली.

गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सेट मांडला. एरियलची तार लिंबाला बांधली, वीज जीपच्या बॅटरीची. बघता बघता रांग लागली. प्रत्येकाला कुणाला तरी कळवायचं होतं. सकाळी मैत्रिणीचा आवाज इतका स्वच्छ येत होता, की तिनं चहाची बशी ठेवलेलीही ऐकू आली. आम्ही निरोपामागून निरोप वाचत सुटलो. मग आभाळ भरून आलं, विजा चमकायला लागल्या आणि आवाज विरायला लागला. मधेच दोन शब्द यायचे, मधेच नुसती खरखर.

“थांबायचं नाही,” सर म्हणाले. “जेवढं जाईल तेवढं जाऊ दे.”

तेवढ्यात एक मावशी पुढं आल्या. लुगड्याला अजून माती होती.

“लेक अर्धापूरला दिली हाय,” त्या म्हणाल्या. “सहावा महिना हाय तिला. बापाचा पाय मोडलाय, पण जीव वाचला. ऐकल्याबरोबर निघंल बगा ती. रस्ते हे असे. तिला म्हणावं, येऊ नगं.”

मी निरोप आखूड केला आणि माईकवर वाचला, “आई बाबा जिवंत. येऊ नको.”

मैत्रीण परत वाचायला लागली, “आई बाबा जिवंत. येऊ...” आणि पुढं खरखर.

तिला पुढचा शब्द मिळाला होता का? तिकडं निरोप पोचवायला वर्गातली मुलं मोटारसायकली काढून तयारच होती.

“सर, ‘नको’ गळून पडलं तर निरोप उलटा होतो,” मी म्हणाले. “हवा खराब असताना एकच निरोप पाठवू आणि तो पुरता परत वाचून घेऊ. स्वच्छ झाली की सलग पाठवू.”

“रांग बघ केवढी आहे.”

“म्हणूनच म्हणते. अर्धवट पोचलेले पुन्हा पाठवावे लागतील.”

सरांनी रांगेकडं बघितलं, मग मावशींकडं. मी त्यांना विचारलं, “मावशी, दुसऱ्या शब्दांत सांगू का?”

“सांग की. घरीच ऱ्हा म्हण.”

यातला एखादा शब्द हरवला असता, तरी लेक घराबाहेर पडली नसती. सरांनी माईक बाजूला ठेवला आणि मोर्सची, टकटक करून अक्षरं पाठवायची चावी माझ्यापुढं सरकवली. बोलणं विरतं तिथंही तिचे ठोके ओळखू येतात, फक्त सगळं फार सावकाश जातं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून मी प्रत्येक शब्द दोनदा पाठवला. मैत्रिणीनं पुरता निरोप परत पाठवला. सरांनी लांब श्वास सोडला.

त्यानंतर आम्ही तसंच करत राहिलो. आधी एक शब्द टाकून बघायचा, कसा पोचतो ते विचारायचं आणि मग ठरवायचं, तोंडानं बोलायचं की चावीनं, एक निरोप की चार. आवाज विरायला लागल्यावर वाचलेले आधीचे निरोपही पोचले का, ते विचारून घेतलं. काही पोचलेच नव्हते, ते पुन्हा पाठवले. कुणी कुरकुर केली नाही.

ऊन उतरायच्या सुमाराला आभाळ उघडलं आणि मैत्रिणीचा आवाज मोकळा झाला. “अर्धापूरचा निरोप पोचला. मुलगी खूप रडली. मग जेवली. घरीच आहे.”

मावशी शेडच्या दाराशी बसून होत्या. मी सांगितलं तशा उठून जवळ आल्या.

“काय जेवली, इचार की.”

मी सरांकडं बघितलं. रांग अजून होतीच. सर म्हणाले, “विचार. आवाज स्वच्छ आहे.”

मैत्रिणीनं अर्धापूरला जाऊन आलेल्या मुलाला हाक मारली, मग म्हणाली, “भाकरी आणि वांग्याची भाजी.”

“वांगं खाल्लं?” मावशी म्हणाल्या. “आमच्याकडं कदी तोंड लावलं न्हाई तिनं!” रांगेतलं कुणीतरी हसलं, आणि मग मावशीही पदर तोंडाला लावून हसल्या.