डावीकडची पट्टी

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी हाटपिपल्याच्या एका शाळेत पुस्तकांच्या पेट्या उतरवून घेत होतो. मी देवासच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयातली जास्तीची पुस्तकं आसपासच्या शाळांना पोचवण्याचं काम मी हौसेनं अंगावर घेतलेलं. फोनवर धारची मामी होती. ती एवढंच म्हणाली, "लवकर ये. बाळ गेला." आजारी मामा होते, त्यामुळे क्षणभर मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं… बाळ म्हणजे सुहास, माझा मामेभाऊ, माझ्याहून बराच लहान. इंदूरच्या गर्दीत बस अडकून पडली होती आणि मला सारखं वाटत होतं, की ती अशीच अडकून राहावी.

सुहासचं शिक्षण हिंदीतून झालेलं. मराठी बोलायचा फर्डं, वाचायचा मात्र अडखळत, आणि मला चिडवायला इंदुरी ढंगात 'भिया', म्हणजे भैया, म्हणायचा. पुण्याच्या एका लहानशा कंपनीसाठी तो घरी बसून काम करी. त्यांचं एक वहीचं अ‍ॅप होतं: त्यात पानं लिहायची, पानं कप्प्यांत ठेवायची, आणि पडद्याच्या डाव्या कडेला एक उभी पट्टी, जिच्यात सगळ्या पानांची नावं. ती पट्टी सुधारायचं काम सुहासकडे आलं होतं. मला आधी कळेना, की एका पट्टीत वर्षभर करण्यासारखं काय असतं. तो म्हणाला, "भिया, तू लायब्ररीवाला होऊन असं विचारतोस? कपाटावरच्या चिठ्ठ्या नीट नसल्या तर तुझी पुस्तकं आहेत आणि नाहीत, सारखंच ना."

त्याच्या हाताशी परीक्षक घरातच होता. मामा निवृत्त शिक्षक. त्यांच्या घराण्यातले सगळे कुळाचार ते त्या अ‍ॅपमध्ये उतरवून ठेवत होते, कुठल्या सणाला कुठला नैवेद्य, बोडणाला काय लागतं, सगळं. शिस्तीचा माणूस, म्हणून प्रत्येक पानाचं नाव 'कुळाचार' या शब्दानं सुरू. पट्टी अरुंद, नाव मध्येच तुटायचं, आणि एकाखाली एक नुसतं कुळाचार, कुळाचार, कुळाचार. मामा म्हणाले, "अरे, ही यादी आहे की नामजप?" सुहास खूप हसला आणि कामाला लागला. लांब नाव दुसऱ्या ओळीत उतरेल असं केलं. कप्प्याच्या आतली पानं थोडी आत सरकवून त्यांच्या बाजूनं एक बारीक रेघ ओढली, म्हणजे कोण कोणाच्या पोटात आहे ते कळावं. उघडं पान ठळक केलं. मी देवासहून माझ्या टिपणांवर ते वापरून बघायचो, आणि खरोखर, डोकं शांत झाल्यासारखं वाटायचं.

मग मामांना पक्षाघाताचा झटका आला. इस्पितळातून परतले तेव्हा बोलणं साफ होतं, स्मरण साफ होतं, काठीनं चालतही होते. पण लॅपटॉप उघडला आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. माझी पानं कुठे नेलीस, म्हणून सुहासला वाट्टेल ते बोलले. त्याला वाटलं, आपल्याच नव्या बदलात काहीतरी बिघडलं. कित्येक दिवस तो स्वतःच्या कामात चूक शोधत राहिला.

चूक सापडली ती जेवणाच्या ताटात. मामी कुरकुरत होती, की हे रोज म्हणतात चटणी वाढत नाहीस, आणि रोज चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी उरते. आपल्याकडे ताटाची डावी बाजू ठरलेली, मीठ, लिंबू, चटणी तिकडेच. सुहासनं काही न बोलता मामांसमोरचं ताट अर्धं फिरवलं. मामांनी चटणीला बोट लावलं आणि म्हणाले, "आत्ता आठवली का वाढायची?" मामीला मात्र ते बघवेना. जेवत्या माणसापुढे ताट उलटं करायचं नाही, ते श्राद्धासारखं अपसव्य दिसतं, असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. डोळे ठीक होते. मेंदूनंच डावीकडचं जग सोडून दिलं होतं. आणि आपण काही सोडलं आहे, हे मामांना कळतच नव्हतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंचा सल्ला होता, की वस्तू मुद्दाम डावीकडे ठेवा, त्यांना मान वळवायला लावा. मामा दोन दिवसांत वैतागले. सुहासच्यानं त्यांचं ते केविलवाणं चिडणं पाहवेना. तो मला म्हणाला, "छोड़ो यार भिया. ते नाही वळत तर आपण सरकू."

आणि सगळं सरकलं. पाण्याचं तांब्याभांडं, औषधं, देवाचा फोटो, मामीचा पाट, सुहासची खुर्ची, सगळं मामांच्या उजव्या हाताला. खोलीच्या अर्ध्या भागात कोणी जाईना. उरलेल्या अर्ध्यात तीन माणसं एकमेकांचे गुडघे चुकवत जगत होती. अ‍ॅपमधली पट्टीसुद्धा त्यानं आधी मामांपुरती उजवीकडे नेली, आणि मग कंपनीशी भांडून ती सोय सगळ्यांसाठी करून घेतली. कंपनीनं त्याला पुण्याला बोलावलं, वरची जागा देऊ केली. मामी जा म्हणाली, मामाही जा म्हणाले. तो गेला नाही. एकदा मी विषय काढला तेव्हा त्यानं आधी मामांचं तांब्याभांडं भरून ठेवलं. मग म्हणाला, "दार कोणी लावलेलं नाही, भिया. लावलं असतं तर धक्का तरी मारता आला असता…"

त्या दिवशी सकाळी मामी भाजीला गेली होती. खिडकीपाशी फोनला रेंज चांगली येते, म्हणून सुहास मीटिंगसाठी खुर्ची घेऊन तिकडे बसला. खिडकी मामांच्या डावीकडे. मामी परतली तेव्हा मामा वाचत होते. तिला म्हणाले, "बाळाला हाक मार. मघापासून ओ देत नाही." तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खुर्चीतच कलंडला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत कळलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मामांना सांगायचं ते मामीनंच ठरवलं: तो आतल्या खोलीत होता. तेराव्यापर्यंत आम्ही सगळे तेच बोललो. समाचाराला येणाऱ्यांना मामी दारातच सांगून ठेवी, आणि उजवीकडे बसवी.

दिवस झाल्यावर एका रविवारी मी गेलो. मामी देवळात गेली होती. मामांनी लॅपटॉप उघडायला लावला. मग म्हणाले, "भाचेराव, तो आत नव्हता."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे नीट सरकवला.

"खुर्ची ओढल्याचा आवाज मी ऐकला होता. तुझ्या मामीला काही बोलू नकोस, तिला तेवढाच आधार आहे." मग म्हणाले, "ही पट्टी परत डावीकडे नेता येते?"

येते, पण तुम्हाला दिसणार नाही, असं मी म्हणालो.

"वळेन मी. त्या बाई सांगत होत्या तेव्हा वळायला हवं होतं."

मी पट्टी डावीकडे नेली. मामांनी टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू डावीकडे सरकवत नेलं, बोटामागून मान. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मध्येच नजर निसटून उजवीकडे परत आली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खूप वेळानं पहिलं नाव सापडलं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, मग त्याच्या खालचं, आणि यादी संपल्यावरही मान तशीच वळलेली ठेवली, खिडकीकडे…

आता मी दर रविवारी धारला जातो. मामी अजूनही माझ्यासाठी उजवीकडे पाट मांडते. मी खुर्ची उचलून खिडकीपाशी बसतो आणि मामांना हाक मारत नाही. त्यांचं बोट टेबलाच्या कडेवरून निघतं. माझ्यापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागतो.