टिपणीस सरांची सही

मुलुंडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझा टायपिंग क्लास होता. दुसऱ्या मजल्यावरची सुगंधा तोडणकर शहाऐंशी साली गणितात पीएच.डी. झाली. वडील संपानंतर गिरणीतून घरी बसलेले, आई ब्लाउज शिवून देणारी. दोघांना वाटलं, पोरगी मार्गी लागली. कसली मार्गी! पुढे संशोधन करायचं तर पोस्टडॉकची जागा हवी, आणि जागेसाठी गाइडचं शिफारसपत्र.

गाइड डॉ. टिपणीस. या गृहस्थांनी वीस वर्षांत एक पेपर लिहिला होता, तोही दुसऱ्याच्या जिवावर. बाकी वेळ उद्घाटनं, समित्या आणि स्वतःचे सत्कार. सुगंधा पाच महिने त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसली. सर मीटिंगमध्ये, सर जेवायला, सर आत असूनही नाहीत. मधे त्यांच्याच विभागात एक जागा निघाली. जाहिरात फळ्यावर लागली तेव्हा मुदत संपली होती आणि टिपणिसांचा भाचा रुजूही झाला होता.

मग कॅनडातल्या एका प्राध्यापकाने तिचा प्रबंध मागवून वाचला आणि कळवलं, जागा आहे, गाइडचं पत्र पाठवा. सर म्हणाले, "तूच टाइप करून आण. मी सही ठोकतो."

ती माझ्याकडे आली ती धुमसतच. "काका, आता स्वतःचीच आरती ओवाळू?"

"खरं ते लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं. सरांच्या तोंडी घातलेलं ते मी दोनदा वाचलं. 'हा प्रबंध मी पूर्ण वाचलेला नाही. शेवटची दोन प्रकरणं मला समजत नाहीत. तो विचार सर्वस्वी हिचा आहे.'

दुसऱ्या दिवशी तिने कागद सरांपुढे ठेवला. "सर, एकदा वाचून बघता ना?"

"अगं, तूच लिहिलंयस ना? मग चांगलंच असणार." सही करून सर कुठल्याशा सत्काराला निघून गेले.

दीड महिन्याने उत्तर आलं. दोन वर्षांची फेलोशिप! सरांनाही वेगळं पत्र होतं. त्यांनी बोलावलं तेव्हा सुगंधाला वाटलं, आता आपली वाट लागली. सर मात्र फुलून गेले होते. पत्रात होतं, 'आपल्याइतका प्रांजळ मार्गदर्शक मी पाहिला नाही.'

"बघ, कॅनडापर्यंत नाव गेलंय माझं!" प्रांजळपणा नेमका कशातला, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. पत्राची प्रत विभागाच्या फळ्यावर लागली. ती मात्र वेळेवर.

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात आम्ही तिला सोडायला सहार विमानतळावर गेलो. टिपणीस फोटोग्राफर घेऊन हजर! हार सुगंधाच्या हातात देऊन म्हणाले, "घाल माझ्या गळ्यात. उद्या पेपरात देऊ."

सुगंधाने हार घेतला, वडिलांच्या गळ्यात घातला आणि वाकून त्यांच्या पाया पडली. तोडणकर घळाघळा रडले. आईने तिच्या पर्समध्ये कोकम कोंबलं. ती आत गेली तरी टिपणीस फोटोग्राफरला विचारतच होते, "मी आलो का रे त्यात?"