गावाची हरकत नाही

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. मिस्टरांजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. रोज सकाळी देवापुढे बसते, पण तिथंही हा विषय मनात आला की घाईघाईनं पुढचं स्तोत्र सुरू करते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच बहुधा सांगणं जमतंय.

गोष्ट तशी शाळेच्या दोन इमारतींची. म्हणजे — इतकी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आले. कुठले वर्ग कुठं बसवायचे, एवढाच तर प्रश्न होता. त्यात कुणाचं काय बिघडणार?

आम्ही मूळचे साताऱ्याचे. मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून दिल्ली. सरकारी क्वार्टरमध्ये दहा वर्षं काढून आम्ही नोएडात स्वतःचा फ्लॅट घेतला, आणि घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या एका खाजगी शाळेत मी प्राथमिकला शिकवायला लागले. नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. नोएडा नुसतं भरत होतं. मे महिन्यात साताऱ्याला जाऊन जूनअखेर परत यावं, तर समोरच्या रिकाम्या प्लॉटवर दोन मजले चढलेले असायचे. नवे कारखाने, नवी ऑफिसं, दारोदार मारुती. शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर रोज नवे आईबाप — कुणी लखनौहून बदलून आलेले, कुणी कलकत्त्याहून, एखादं जोडपं पुण्याचंही. माझ्या तोंडून मराठी ऐकलं की त्यांना हायसं वाटायचं.

पहिलीच्या दोन तुकड्या होत्या त्या पाच झाल्या. लायब्ररी गेली, संगीताची खोली गेली. माझी चौथीची तुकडी तर एक अख्खा हिवाळा व्हरांड्यात चिकाचे पडदे सोडून बसली. मुलं हातमोजे घालून लिहायची. शेवटी संस्थेनं मोठ्या रस्त्यापलीकडच्या सेक्टरात दुसरी इमारत बांधायला काढली. चालत गेलं तर पाऊण तास.

आता प्रश्न हा, की मुलं वाटायची कशी? एक मार्ग असा — दोन्ही इमारतींत पहिली ते पाचवी ठेवायची, ज्याला जी जवळ तिथं त्यानं जायचं. भावंडं एकत्र राहतील. दुसरा मार्ग — नर्सरी ते दुसरी जुन्या इमारतीत, तिसरी ते पाचवी नव्या. एका इयत्तेच्या सगळ्या तुकड्या एका छताखाली, शिक्षकांना सोपं, परीक्षेला सोपं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं, आणि स्टाफरूममध्ये महिनाभर दुसरं बोलणं नव्हतं.

मला दुसरा मार्ग हवा होता. का? मुलांच्या हिताची कारणं मी तेव्हा पुष्कळ सांगायचे, आणि ती खोटीही नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. पहिला मार्ग ठरला असता तर जुन्या इमारतीच्या इन्चार्ज सीनियॉरिटीनं तनेजा मॅडम झाल्या असत्या. दुसरा ठरला, तर त्या मोठ्या मुलांबरोबर नव्या इमारतीत जाणार आणि लहान मुलांचा विभाग माझ्याकडे येणार, हे प्रिन्सिपल मॅडमनी मला जवळजवळ सांगून टाकलं होतं. वेगळी केबिन. दारावर नाव. घरापासून दहा मिनिटं. — बस्स, एवढंच होतं ते. याहून मोठं काही असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

पालकांचं मत विचारायचं काम माझ्याकडे होतं. घरोघरी चिठ्ठ्या गेल्या. कॉलनीतल्या लोकांना काही फरक पडत नव्हता. त्यांच्याकडे स्कूटर होती, बस लावायची ऐपत होती. प्रश्न होता तो गावाचा.

आमच्या सेक्टरच्या पाठीमागं एक गाव होतं. सेक्टर त्यांच्याच शेतांवर उभे राहिलेले. जमिनी गेल्या, तेव्हा तिथल्या काही घरांनी पोरांना इंग्रजी शाळेत घातलं. वीस-बावीस मुलं असतील. ती घोळक्यानं चालत यायची. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरायचे आणि तसंच परत न्यायचं. त्या घोळक्याची पुढारी माझ्या वर्गातली कमलेश. तिकडं हे मुलीचंही नाव असतं. नऊ-दहा वर्षांची, सडसडीत, तेल लावून घट्ट दोन वेण्या. पहिलीतली धाकटी बहीण पिंकी तिच्या बोटाला. वर्ग वाटले, तर कमलेश मोठ्या रस्त्यापलीकडं आणि पिंकी इकडं. मग पिंकीला आणणार कोण? आणि कमलेशला एकटीला तेवढ्या लांब पाठवणार कोण?

फेब्रुवारीत एक दिवस शाळा सुटताना कमलेशनं माझ्या हातात अर्ज दिला. गावातल्या सगळ्या आयांचा. त्या आयांना लिहिता येत नव्हतं, म्हणून लिहिला होता तिनं. वहीचं पान नाही — दुकानातून विकत आणलेला कोरा कागद, पट्टीनं समास आखलेला. सविनय निवेदन है, इथपासून सुरुवात. आमची मुलं एकमेकांच्या आधारानं येतात, त्यांना वेगळं करू नये, केलंच तर गावातून गाडी द्यावी — इतकं सरळ. खाली काही सह्या, बाकी निळे अंगठे.

“माँ ने कहा है, आप ही बड़ी मैडम को देना,” ती म्हणाली. “आपकी बात वो सुनती हैं।”

मी “हाँ हाँ, बिल्कुल” म्हटलं आणि कागद पर्समध्ये ठेवला.

शनिवारी मीटिंग झाली. प्रिन्सिपल मॅडम, संस्थेचे मॅनेजर साहेब, तनेजा मॅडम, मी आणि आणखी दोघी. मॅनेजर साहेबांचा कल अजून ठरत नव्हता. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. नवी इमारत त्याच गावाच्या जमिनीवर होती, आणि गावाशी त्यांना वाद नको होता. त्यांनी स्पष्टच सांगितलं, की गावातून एक जरी तक्रार आली असेल तर आपण दोन्हीकडे पहिली ते पाचवी ठेवू, विषय संपला.

तनेजा मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, “गाँव वाले बच्चों का क्या होगा? किसी ने पूछा उनसे?”

पर्स माझ्या मांडीवर होती. चेनवर माझा हात होता.

“मैंने ख़ुद बात की है,” मी म्हणाले. “गाँव वालों को कोई एतराज़ नहीं।”

तनेजा मॅडमनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी — का ठेवू नये? इतिवृत्तात वाक्य लिहिलं गेलं, माझ्याच अक्षरात, कारण इतिवृत्त मीच लिहीत होते. मग चहा आला. मला आठवतं, मी दोन बिस्किटं खाल्ली.

संध्याकाळी घरी मी मटार सोलत बसले होते. मिस्टर आतल्या खोलीत बातम्या बघत होते. अर्ज पर्समधून काढला, एकदा पूर्ण वाचला, फाडला, मटाराच्या सालांत मिसळला आणि सालं बाहेरच्या डब्यात टाकून आले. मिस्टरांनी आतून विचारलं, “काय ठरलं गं मीटिंगमध्ये?” मी म्हटलं, “माझं जमेल असं दिसतंय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी बर्फी आणली.

तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर सांगायला इतकी वर्षं का लागली? माणसं पदासाठी याहून वाईट करतात. खरंय. पण मी अजून सांगितलेलंच नाही — इथवर येते आणि थांबते. नेहमी असंच होतं.

एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं. मला केबिन मिळाली. गावातली बरीचशी मुलं पहिल्या आठवड्यातच यायची बंद झाली. मुलगे कुणाच्या तरी सायकलवर बसून नव्या इमारतीत जायला लागले. मुली नाहीत. दोन्ही इमारतींची हजेरी माझ्याच टेबलावरून जायची, मला दिसत होतं. मग एक दिवस कमलेशची आई आली, बिमला. कमलेश आणि पिंकी, दोघी बरोबर. शाळा सोडल्याचे दाखले हवे होते. पिंकीला गावातल्या सरकारी शाळेत घालणार होते. कमलेशचं नाव कुठं घालायचं ते ठरलं नव्हतं. तिच्या बापाचं म्हणणं होतं, पोरीची जात, तेवढा रस्ता ओलांडून जायचं नाही.

दाखले दोन्ही इमारतींचे जुन्या ऑफिसातूनच निघायचे, आणि त्यांवर सही माझीच लागत होती. आता मी इन्चार्ज होते ना.

बिमला उभीच राहिली. मी बसा म्हटलं तरी बसली नाही. पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिनं टेबलावर ठेवला. घरचं तूप. म्हणाली, “आपने तो अर्ज़ी पहुँचा दी थी, मैडमजी। बड़े लोग ना मानें तो आप क्या करतीं।”

मी काय केलं असेल? डबा घेतला. थँक्यू म्हटलं. पहिल्या दाखल्यावर सही केली, दुसऱ्यावर केली, शिक्का मारला. सही अगदी नेहमीसारखी आली.

त्या वळल्या. दारापर्यंत गेल्या. आणि कमलेश तेवढ्या अंतरावरून परत आली. आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं —

“मैडम, अर्ज़ी में कोई ग़लती थी क्या?”

बघा. त्या पोरीनं दोन महिने हाच विचार केला असणार. गावातल्या सगळ्या आयांनी तिच्यावर भरवसा ठेवून अंगठे उमटवले होते. अर्ज मान्य झाला नाही, म्हणजे लिहिणारीचंच काहीतरी चुकलं असेल — दुसरं काय वाटणार त्या वयात? आणि ती विचारायला आली कुणाला? जिनं वर्षभर तिच्या वह्या तपासल्या तिला. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. ‘नाही बेटा, अर्ज छान होता’ — एवढं म्हणायला काही मोजावं लागत नव्हतं. माझं पद जात नव्हतं, केबिन जात नव्हती, माझं खोटं उघडं पडत नव्हतं. पण एक क्षण मला वाटलं, ‘छान होता’ म्हटलं तर ती पुढं विचारेल — मग बड्या मॅडम काय म्हणाल्या? त्या एका प्रश्नाला मी भ्याले. दहा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाला.

मी म्हणाले, “हाँ बेटा, थोड़ी ग़लतियाँ थीं।”

तिनं मान खाली घातली. “अच्छा,” म्हणाली. आणि गेली.

तो अर्ज मी घरी शब्द न् शब्द वाचला होता. त्यात एक काना चुकला नव्हता.

हेच ते. पद मिळवण्यासाठी मी खोटं बोलले, ते मी स्वतःशी कसंबसं मान्य केलंय. हे दुसरं वाक्य मात्र तोंडातून काढता येत नव्हतं. शाळा तर मी तिच्याकडून काढून घेतलीच होती. शाळेतून जे मिळालं होतं तेही काढून घेतलं, आणि तेही ती बिनतक्रार देऊन गेली.

त्यानंतर गावात जायला मला काय हरकत होती? पंधरा मिनिटांचा रस्ता. पहिल्या वर्षी म्हणायचे, परीक्षा संपू देत. मग म्हणायला लागले, आता तिचं लग्न झालं असेल. त्या गावाच्या बाजूची भाजी मी घेईनाशी झाले. तूप मात्र संपवलं. टाकून देणं बरं दिसलं नसतं, मिस्टरांनी विचारलं असतं.

निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं तेव्हाची गोष्ट. नर्सरीच्या प्रवेशांचे दिवस, ऑफिसात गर्दी. एक बाई तीन-साडेतीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन माझ्या केबिनच्या दारात आली. डोक्यावर पदर, हातात प्रवेशाचा कोरा फॉर्म. क्लार्कनं भरून द्यायला नकार दिला होता. मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं, “मैं कमलेश, मैडमजी।”

मी तिला बसवलं. पाणी मागवलं. माहेरी आली होती, नवरा गाडी चालवतो, आता इथंच खोली घेऊन राहणार, असं काहीबाही ती सांगत होती. पिंकी बी.ए. झाली म्हणाली, हसून. मी म्हटलं, फॉर्म तू भर की, तुला येतं. ती पेनाकडे बघत राहिली.

“आप भर दो,” म्हणाली. “मेरे से ग़लती हो जाती है। लड़की का मामला है।”

मी फॉर्म भरला. मुलीचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव. आईचं शिक्षण या रकान्यापाशी मी थांबले, तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, चौथी पास. मी लिहिलं. केबिनमध्ये आम्ही तिघीच होतो, दार लोटलेलं होतं, कुणी येणार नव्हतं. सगळं आयुष्यभर टाळलेलं बोलायला याहून निवांत वेळ कुठली मिळणार होती? मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी मनात जुळवलंही. मग फॉर्म तिच्या हातात दिला आणि फी कुठल्या खिडकीवर भरायची ते सांगितलं.

जाताना तिनं मुलीला खाली उतरवलं आणि म्हणाली, या मम्मीच्या मॅडम, पाया पड. आधी स्वतः वाकली. मी तिला अडवलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘ख़ुश रहो’ म्हणाले.