साहेबांचा 'न्हाय'

साहेब गेल्याची बातमी मला जिन्यात कळली. मी दूध घेऊन वर जात होते आणि शेजारच्या काकू खाली येत होत्या. "टीव्हीवर दाखवायलेत, तुमचे साहेब गेले की," त्या म्हणाल्या. मी तिथंच पायरीवर बसले. रडू आलं नाही, आला तो राग... आणि तो कुणावर, हे सांगायला मला एक वर्ष लागलं. परवा त्यांचा पहिला स्मृतिदिन झाला. भरलेलं सभागृह, व्यासपीठावर अकरा माणसं. दिल्ली गाजवणारी त्यांची भाषणं, त्यांचं केंद्रातलं मंत्रिपद, ते त्यांनी कसं सोडलं, सगळं बोलून झालं. शेवटी त्यांचे जावई उठले. "साहेबांचा शेवटचा जाहीर शब्द आशीर्वादाचा होता," ते म्हणाले. "'होऊन जाऊ दे' म्हणाले होते साहेब." टाळ्या पडल्या. मी चौथ्या रांगेत बसले होते. साहेब असं काही म्हणाले नव्हते. काय म्हणाले होते ते मला माहीत आहे, कारण तो शब्द मीच त्यांना शिकवला होता.

देशाला ते माहीत होते वक्ते म्हणून. आम्हा राधानगरीकडच्या मुलींना ते माहीत होते वेगळ्याच कारणासाठी. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, आणि पावसाळ्यात बाहेरची वाट बंद. साहेब पहिल्यांदा खासदारकीला उभे राहिले तेव्हा प्रचाराला आमच्या गावात आले होते. माझ्या आईनं त्यांना गाडीपाशी गाठून विचारलं, "पोरगी हुशार हाय, पर शिकायला ठेवायची कुठं?" साहेबांनी आश्वासन दिलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाले. निवडून आले, आणि पुढच्या जूनमध्ये संस्था काढून कोल्हापुरात मुलींचं वसतिगृह उघडलं. एका ओळीत आठ खोल्या, वर पत्रा, मागं मोकळी जागा. पहिल्या वर्षी आम्ही एकोणीसजणी होतो. दिल्लीहून आले की साहेब घरी जायच्या आधी वसतिगृहात यायचे. पातेल्यातला भात चिमटीनं दाबून बघायचे आणि कच्चा निघाला की स्वयंपाकिणीला काही न बोलता संस्थेच्या सचिवावर ओरडायचे. त्या आठ खोल्यांतून मी डी.एड.ला गेले, मास्तरीण झाले, आणि निवृत्त होईपर्यंत पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली.

निवृत्त झाले त्याच वर्षी काकींचा, म्हणजे साहेबांच्या पत्नीचा, फोन आला. साहेबांना अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते. उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. समजत सगळं होतं. पेपर वाचून दाखवला की कपाळाला आठ्या पडायच्या, ओठ हलायचे, पण शब्द फुटायचा नाही. वाचेचे उपचार करणारी एक मुलगी आठवड्यातून एकदा यायची. तिनं सांगितलं होतं की चित्रं दाखवून रोज सराव करून घ्यायला पाहिजे, पहिलीतल्या मुलासारखा. "सुमन, तू पहिलीलाच शिकवायचीस न्हवं?" काकी म्हणाल्या. "येशील का गं?" मी दुसऱ्या दिवशी चित्रांचे तक्ते घेऊन त्यांच्या राजारामपुरीतल्या घरी गेले.

पहिलं चित्र गाईचं होतं. साहेबांनी ते बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कपाळावर घाम आला. ज्या माणसाचं भाषण ऐकायला लोक झाडांवर चढून बसायचे, त्याला 'गाय' म्हणता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं तक्ता भिरकावला आणि खणखणीत आवाजात एक शिवी घातली... अस्सल तालमीतली, इथं लिहिता येणार नाही अशी. काकी हातात उलथनं घेऊन धावत बाहेर आल्या. आणि मग साहेबच हसायला लागले. उपचारवाल्या मुलीनं पुढं सांगितलं की असं होतं, रागातले शब्द आपसूक निघतात, ठरवून बोलायचे तेवढे अडकतात.

दुसरा शब्द आला तो 'व्हय', आणि तिथं सगळा घोटाळा झाला. कारण हवं असलं तरी व्हय आणि नको असलं तरी व्हयच. चहा पाहिजे? व्हय. आणखी ओतू? मान जोरजोरात आडवी हलायची, पण तोंडातून यायचं, व्हय. स्वतःचाच आवाज ऐकून ते चिडायचे, मांडीवर मूठ मारून घ्यायचे. आपल्याला न पटलेल्या एका निर्णयाला भर बैठकीत नाही म्हणून मंत्रिपद सोडून आलेला माणूस हा. त्याच्याकडं आता नाही म्हणायला शब्द उरला नव्हता.

हे जावईसाहेबांच्या लगेच लक्षात आलं. संस्था त्यांच्याच हातात होती. वसतिगृहाची जागा एव्हाना शहराच्या मध्यात आली होती. तिथं दुकानांचं संकुल बांधायचं आणि मुलींना हायवेपलीकडच्या नव्या इमारतीत हलवायचं असा त्यांचा बेत होता. ते आराखडा घेऊन आले, साहेबांच्या पुढ्यात पसरला. "मामा, चालंल न्हवं?"

"व्हय," साहेब मान आडवी हलवत म्हणाले, आणि डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली.

"बघा, किती जोरात व्हय म्हणाले!"

"जावईसाहेब, त्यांची मान बघा की," मी म्हटलं. "नको म्हणायलेत ते."

"बाई, तुम्ही आपली अक्षरं शिकवा," ते म्हणाले आणि आराखडा गुंडाळून गेले.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तशी साहेबांनी पाटी मागितली. डाव्या हातानं, वेड्यावाकड्या रेघांनी, एका ओळीत आठ चौकोन काढले. मग माझ्याकडं बघितलं आणि त्या चौकोनांवर बोट दाबून धरलं. मी सगळे तक्ते पिशवीत भरले. गाय, घर, झाड, सगळं बाजूला. त्या दिवसापासून आम्ही एकच शब्द घेतला. जीभ दातांमागं लावायची, नाकातून आवाज काढायचा, मग तोंड मोठं उघडायचं. चार महिने. कधी नुसता 'न' यायचा, बहुतेक वेळा पुन्हा 'व्हय'च. तीनदा पाटी फुटली. एकदा मीही वैतागले, "अहो, तोंड नीट उघडा की!" असं वर्गात ओरडावं तशी ओरडले आणि लाजेनं मेले. साहेबांनी मात्र मुकाट्यानं तोंड उघडलं.

शेवटी एका दुपारी जेवताना काकींनी विचारलं, "कारलं वाढू थोडं?" साहेब म्हणाले, "न्हाय." अडखळत, पण स्वच्छ. काकी पळी हातात धरून रडायला लागल्या. साहेबांनी तो शब्द त्या दिवशी पुन्हा पुन्हा म्हणून घेतला, हट्टी पोरासारखा. संकुलाची पायाभरणी आठवड्यावर आली होती.

पायाभरणी साहेबांच्या हस्ते ठेवली होती. वसतिगृहामागच्या जागेत मांडव, हलगी, आणि मुलींना गणवेशात रांगेनं उभं केलेलं. काकी समोर पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी व्यासपीठावर, साहेबांच्या चाकाच्या खुर्चीमागं. जावईसाहेबांनी त्यांच्या डाव्या हातात नारळ दिला, माईक तोंडाशी धरला. "मामा, दोन शब्द बोला." साहेबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यांनी जीभ दातांमागं लावली, मला मागूनही कळलं. आणि म्हणाले, "न्हाय."

पहिलं अक्षर उमटताच जावईसाहेबांनी माईक मागं ओढला. हलगी सुरू झाली. समोर बसलेला एक बातमीदार उठून व्यासपीठाशी आला आणि मला विचारू लागला, "बाई, काय म्हणाले साहेब?" जावईसाहेब माझ्याकडं बघत होते. माझा मुलगा त्यांच्या संस्थेच्या कॉलेजात सात वर्षं तात्पुरता शिकवत होता, आणि कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात निघणार होता.

"नीट कळलं नाही," मी म्हटलं.

साहेबांची मान मागं पूर्ण वळत नसे. तरी त्यांनी ती वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की साहेबांना गहिवरून आलं, शब्द फुटेना. मी नेहमीच्या वेळी गेले, पाटी पुढं केली. त्यांनी घेतली नाही. त्यानंतर दोन महिने मी रोज जात राहिले, ते भिंतीकडं तोंड करून बसत राहिले. न्हाय नाही, व्हय नाही, शिवीसुद्धा नाही... आणि मग ती जिन्यातली बातमी.

माझा मुलगा कायम झाला. त्याला यातलं काही माहीत नाही, हे छापून आलं की कळेल. वसतिगृह हायवेपलीकडं गेलं, आणि तिथून शाळेला यायला धड एसटी नाही, म्हणून यंदा आमच्याच गावच्या दोन मुली दिवाळीला घरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. माझा राग जावयांवर आहे हे कुणीही ओळखेल. पण साहेबांवरही आहे. संस्था जावयांच्या हातात दिली तेव्हा तुमची वाचा शाबूत होती, साहेब. तेव्हा 'नाही' का म्हणाला नाहीत? घरातल्या माणसाला नाही म्हणणं दिल्लीला नाही म्हणण्यापेक्षा जड असतं का? विचारायचं राहिलं. आणि मी कुठल्या तोंडानं विचारणार होते!

परवा त्या टाळ्या ऐकून मला बसवेना. कार्यक्रम संपायची वाट न बघता मी तशीच राजारामपुरीत गेले. काकी गुडघ्यांमुळं कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. मी चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "काकी, साहेब 'होऊन जाऊ दे' म्हणाले असं जावईसाहेबांनी आज सांगितलं. ते खोटं आहे. त्या दिवशी साहेब 'न्हाय' म्हणाले होते. मी ऐकलं होतं. विचारल्यावर मी सांगितलं नाही."

काकी मेथीची पानं खुडत राहिल्या.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मी फुडंच बसलेली न्हवं का. मलाबी ऐकू आलतं."

"मग तुम्ही काकी... तुम्ही का नाही बोललात?"

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"माझ्या लेकीचा नवरा त्यो. मला वाटलं, तू सांगशील."