दारावरचा आकडा

पहिली कानाखाली मलाच बसली. परळच्या एका टॉवरचं क्लबहाउस, भर दुपार, मी समोशांचा ट्रे घेऊन उभी. सोसायटीचा सेक्रेटरी नुकताच भाषण ठोकून उतरला होता. विषय काय, तर निर्वासित. एकाच देशावर भार नको, शेजारच्या देशांनी माणसं वाटून घ्यावीत, हीच माणुसकी. टाळ्या काय पडल्या!

मग सलमाने त्याला चहा दिला. सलमा माझ्याबरोबर केटररकडे वाढायला असायची. गाव जाळलं म्हणून बर्मातून पळाली, बांगलादेशच्या छावणीत राहिली, तिथून इकडे. शिवडीला झोपडीत पोरगी घेऊन राहायची. निर्वासिताचं कार्ड आहे तिच्याकडे. तिची हिंदी ऐकून त्याने विचारलं, "कुठली गं तू?"

भोळी बया. "बर्मा," म्हणाली.

त्याने कप जमिनीवर आपटला. "हे लोक आमच्या ताटापर्यंत आले?"

मी म्हटलं, "साहेब, आत्ताच तर तुम्ही..." तेवढ्यात ती कानाखाली. "तू पण त्यातलीच. कागद दाखव!"

आणि मी दाखवला. सांगताना आजही माझी मला किळस येते. पाकिटातलं आधार कार्ड त्याच्या नाकासमोर धरून ओरडले, "मी इथली आहे! माझा आजा इथल्या गिरणीत राबला. बाहेरची ती आहे, ती!" बोट दाखवलं मी. माझ्यावरचा मार तिच्यावर ढकलला.

त्याने तिला केसांना धरून ओढलं. वॉचमनने पोटात लाथ घातली. ओठ फाटला, रक्त फरशीवर. हॉलभर माणसं समोसे चावत बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, सवय असल्यासारखं. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर पाणी भरलं म्हणून असंच हाणलं होतं, आणि असेच सगळे बघत होते. आई हे अजून सांगते. माझं डोकं सटकलं. कोपऱ्यात समोसे तळत होते, त्या कढईतला झारा उचलला आणि सेक्रेटरीच्या मनगटावर घातला. हाड वाजलं.

"आता लाव हात! दुसराही मोडीन."

काम गेलं. पोलिसात तक्रार झाली. होऊ दे. सलमाला आणि पोरीला मी आमच्या चाळीत आणलं.

आमच्याकडे लग्न निघालं की पाहुणे वाटून घेतात. शेजारचे काका खडू घेऊन फिरतात, दारादारावर आकडा टाकतात. दोन, तीन, चार. त्या खोलीने तेवढी माणसं जेवू घालायची, झोपवायची. नाही म्हणायची कुणाची टाप नाही. मी काकांना म्हटलं, "आकडे टाका. दोघीच आहेत. एकेका दारात आठ-आठ दिवस."

काकांनी खडू खिशात घातला. "पोरी, माणुसकी सगळी खरी गं. पण बाजूच्या चाळीत बघ ना."

तेच. मेलं तेच भाषण! गॅलरीत निळे झेंडे, आणि तोंडात सेक्रेटरी.

मी त्यांच्या खिशात हात घालून खडू काढला. आधी माझ्या दारावर दोन लिहिलं, मग त्यांच्या. ते पुसायला धावले.

"पुसा काका. हात दुखेपर्यंत पुसा. मी परत लिहीन. पण तिला बोट लावलंत, तर झारा घरातच आहे."

ज्या हाताने मी तिच्याकडे बोट दाखवलं, त्याच हातात आता खडू आहे. एकही दार सोडणार नाही.