कानाच्या पडद्याचा गोंद

तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहीत बसलो असता, आज एका अर्जावरील तिकिटाचा कोपरा उन्हाने सुटून वर आलेला दिसला. माझ्या हातून असे सहसा होत नाही. मी डिंक लावून तो अंगठ्याने दाबून धरला आणि मन पत्नीच्या कानाकडे गेले.

तिचा उजवा कान पूर्वीच गेला होता. डाव्याच्या पडद्यास छिद्र पडल्याने मोठ्याने बोललेले तेवढेच तिला कळे. कानामागचे पातळ आवरण काढून ते छिद्रावर औषधी गोंदाने बसवू, असे डॉक्टरांनी मोठ्याने सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "यांच्या बाटलीतला नसेल तर लावा."

डॉक्टर हसले. "हा रक्तातल्याच द्रव्यापासून करतात, बाई. त्याने सहसा अपाय होत नाही. थोडे दिवस धरून ठेवतो आणि विरघळून जातो. पुढचे जोडकाम शरीराने करायचे."

शरीराने ते केले. "पडदा छान बसला," असे डॉक्टर शेवटच्या तपासणीत म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "पण आतली नस थकली आहे. ऐकू येणे वाढेलच असे नाही."

माझी तिकिटेही पक्की बसतात. अर्ज सुस्थितीत आत जातात. आत ते कोणी ऐकून घेतो की नाही, हे इतक्या वर्षांत मला कळलेले नाही.

सायंकाळी घरी येऊन मी तिच्या मागे उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात तिला नावाने हाक मारली. ती तांदूळ निवडत राहिली. माझी सावली ताटात पडली, तेव्हा वर पाहून म्हणाली, "कधी आलात? हाक तरी मारायची."