मनाच्या तक्त्यात दोन

आम्ही तिला लांबउडी म्हणायचो. जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या ती कधी उतरली नाही, उडीच मारायची. घरी मोठा भाऊ चिडवायचा, "उड्या मारायला कसलं आलंय कॉलेज?" त्याचं तोंड बंद करायला तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी एका शाळेत तीन महिने सराव पाठ घेऊन पास व्हायला हवं होतं. त्याच शाळेत मीही सराव पाठ घेत होते.

पास करणार कोण, तर तिथले क्रीडाशिक्षक. त्या माणसाबद्दल मला आजही धड बोलता येत नाही. मुलांसमोर आमच्या हातातली शिट्टी हिसकावायची, "यांना बुटाची नाडी बांधता येत नाही आणि तुम्हाला पळायला शिकवणार!" म्हणायचं, आणि मुलं हसली की खूश व्हायचं. मेला!

आणि कॉलेजची अक्कल बघा. म्हणे, आमच्या मनाची काळजी! दर शनिवारी एक तक्ता भरायचा: या आठवड्यात मन कसं होतं, एक ते पाच. खाली सही कुणाची? त्याच सरांची! सगळे मुकाट पाच लिहायचे. मीसुद्धा. लांबउडीने सहाव्या आठवड्यात दोन लिहिले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "मैदानावर यायची भीती वाटते."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडले.

"त्यांनी विचारलंय ना? मग सांगितलं."

सोमवारी तिचा पाठ होता. मी झाडाखाली बसून तिच्या पाठाचं निरीक्षण वहीत उतरवत होते. चाळीस मुलं रांगेत उभी होती. सर आले, खिशातून तक्ता काढला आणि तिचं ते वाक्य मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग तिच्याकडे वळून ओरडले, "सावधान!"

आम्हा खेळाच्या लोकांचं एक असतं. हा शब्द कानावर पडला की डोक्याने विचार करायच्या आत टाचा जुळतात. तिच्याही जुळल्या. सर "विश्राम" म्हणालेच नाहीत, चहा प्यायला निघून गेले. तास संपेपर्यंत ती तशीच उभी, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, गालांवरून पाणी वाहतंय. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. "विश्राम" मला म्हणता आलं असतं. मी वहीत तोंड खुपसून बसले.

सरांनी तिला नापास केलं. शेरा मारला, "वर्गावर ताबा नाही." तिने तक्रार केली आणि साक्षीला माझं नाव दिलं. प्राचार्यबाईंनी मला बोलावलं तेव्हा सर शेजारच्याच खुर्चीत होते. माझे मार्क अजून द्यायचे होते त्यांना.

"तू तिथेच होतीस ना? काय पाहिलंस?"

"मी वही लिहीत होते, मॅडम. माझं लक्ष नव्हतं."

झालं, तिचं वर्ष गेलं. होस्टेलच्या खोलीवर ती बॅग भरत होती. मी म्हटलं, "माझे मार्कही त्यांच्याच हातात होते गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तुझं नाव दिलं. ती भीती दुसऱ्या कुणाला कळली नसती."

खरं सांगते, लाज वाटायच्या आधी मला तिचाच राग आला. मला कशाला मध्ये ओढलं हिने? दार आपटून मी बाहेर पडले. तिला बसपर्यंत सोडायलाही गेले नाही.